वाटी रिकामी, वजन जागेवर : हिरव्या प्युरीवर वाढणाऱ्या एका बाळाचं प्रकरण

बाळ सात महिने तीन आठवड्यांचं असताना आई त्याला घेऊन पहिल्यांदा माझ्याकडे आली. एका हातात बाळ, दुसऱ्या हातात रेघा आखलेली वही. वहीत प्रत्येक दिवसाचं पान होतं : किती वाजता, कोणती भाजी, किती ग्रॅम, बाळाने तोंड कसं केलं, शी कशी झाली. इतकी नीट ठेवलेली नोंद मी अनेक वर्षांत पाहिली नव्हती. बालरोगतज्ज्ञांनी पाठवलेल्या चिठ्ठीत मात्र दोनच ओळी होत्या. सात आठवड्यांत वजन १५० ग्रॅमने वाढलं, हिमोग्लोबिन १०.४, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) ९. आहार तपासावा.

आई खुर्चीवर बसायच्या आधीच बोलली, "ताई, ती सगळं खाते हो. वाटी चाटूनपुसून संपवते. मग वजन का नाही वाढत?"

हे प्रकरण मी लिहून काढते आहे ते याच प्रश्नासाठी. खात नाही म्हणून अडलेली बाळं रोज येतात. हे बाळ आवडीने खात होतं, आणि तेही हिरव्या भाज्या. आईच्या हातून घोर चूक अशी एकही झाली नव्हती. छोट्या छोट्या गोष्टी एका दिशेने साचत गेल्या होत्या. ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत.

आईने आधी काय केलं होतं

बाळ पूर्ण दिवसांचं, जन्मवजन २.९ किलो, सहा महिने फक्त अंगावरचं दूध. सहा महिन्यांना वजन ७.२ किलो, म्हणजे मुलींच्या वाढीच्या तक्त्यावर मधल्या रेषेच्या अगदी जवळ. वरचं अन्न सुरू केलं ते सहा महिने पुरे झाल्यावर, जागतिक आरोग्य संघटना सांगते त्याच वेळी. इथवर बोट ठेवायला जागा नाही.

पहिली भाजी होती पालक, दुसरी फरसबी. आईने ठरवलं होतं की फळाची किंवा रताळ्याची गोडी जिभेला लागायच्या आधी हिरवी चव लागली पाहिजे, नाहीतर पुढे भाजी बघून बाळ तोंड फिरवेल. पहिले चार दिवस बाळाने प्युरी बाहेर ढकलली, अंग शहारलं, एकदा रडलं. वहीत पाचव्या दिवसापुढे लिहिलं होतं : "तोंड वाकडं, पण गिळलं." नवव्या दिवशी : "स्वतः तोंड उघडलं."

इथे थांबून मला तिचं कौतुक करायचं आहे, कारण पुढे बरंच काही दुरुस्त करावं लागलं आणि त्यात हे हरवायला नको. बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या नकारानंतर ती भाजी बाद होते. फ्रान्स आणि जर्मनीत सात महिन्यांच्या बाळांवर झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. बाळाने नाकारलेली भाजी एक दिवसाआड आठ वेळा देऊन पाहिली, तेव्हा सत्तर टक्क्यांहून अधिक बाळं ती आवडत्या भाजीइतकी खाऊ लागली होती. त्याच वर्षी अमेरिकेत फरसबीवर झालेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. आठ दिवसांनी बाळं फरसबी कितीतरी जास्त खात होती, पण त्यांचे चेहरे पहिल्या दिवशीसारखेच वाकडे होत होते. म्हणजे नाक मुरडणं हा नकार नाही. कडू चव लागली की चेहरा असा होतोच, ती जन्मजात प्रतिक्रिया आहे. मान फिरवणं, ओठ घट्ट मिटणं, चमचा हाताने ढकलणं हा नकार. आईने हा फरक कुणी न सांगता ओळखला होता. चेहऱ्याकडे न पाहता तिने तोंड उघडतं का एवढंच पाहिलं.

तिच्या गृहीतकाबद्दल एक गोष्ट मी तिला तेव्हाच सांगितली. गोड चव बाळाला फळातून पहिल्यांदा कळत नाही. अंगावरच्या दुधात १०० मिलिलीटरमागे सुमारे ७ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असतं. बाळ पहिल्या दिवसापासून गोडच पितं. हिरवी भाजी आवडायला लागते ती पुन्हा पुन्हा समोर आल्यामुळे. फळ आधी दिलं की भाजी कायमची गेली, असा धाक बाळगायचं कारण नाही.

यश मिळालं आणि तिथूनच गाडी वळली. बाळ खातंय म्हटल्यावर आईने एका वाटीच्या दोन केल्या, शेवटच्या तीन आठवड्यांत तीन. "भाजी किती दिली तरी चांगलीच ना?" असं तिला वाटलं. बाळ भुकेलं असताना नीट खातं म्हणून वाटी दुधाच्या आधी दिली जाऊ लागली. वाटीनंतर बाळ दोन मिनिटं प्यायचं आणि झोपायचं. दिवसाला आठ वेळा होणारं पाजणं पाचवर आलं, तेव्हा घरात कुणालाच खटकलं नाही. उलट बाळ आता "जेवायला लागलं" म्हणून सगळे खूश होते.

वहीतला हिशोब

मी आईला म्हटलं, आपण दोघी मिळून बेरीज करू. मी आकडे सांगते, तुम्ही वहीत लिहा. हे मी मुद्दाम करते. समोर बसलेल्या आईला निष्कर्ष ऐकवला की ती अपराधी होते. बेरीज तिने स्वतः केली की तिला रस्ता दिसतो.

दिवसाला तीन वाट्या, प्रत्येकी साधारण ८० ग्रॅम, म्हणजे २४० ग्रॅम प्युरी. पण ही प्युरी पातळ होती. पालक आणि फरसबी मिळून १५० ग्रॅम, बाकी पाणी. पालकात १०० ग्रॅममागे २३ किलोकॅलरी, फरसबीत ३१. म्हणजे दिवसभराच्या तीन वाट्यांत मिळून चाळीस किलोकॅलरी.

आता दूध. तीन वेळचं पाजणं कमी झालं. एका वेळचं ९० मिलिलीटर धरलं तर २७० मिलिलीटर, आणि १०० मिलिलीटरमागे ६५ धरले तर पावणेदोनशे किलोकॅलरी. या वयाच्या बाळाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे ८० किलोकॅलरी लागतात, म्हणजे तिच्या बाळाला दिवसाला सहाशेच्या आतबाहेर. पावणेदोनशे काढून तिथे चाळीस ठेवले होते.

आईने पेन खाली ठेवलं. बराच वेळ ती त्या दोन आकड्यांकडे बघत होती.

हा हिशोब ढोबळ आहे, हे मी तिला लगेच सांगितलं. उरलेल्या पाच वेळी बाळ थोडं जास्त प्यायलं असणार, आणि तीन वाट्या काही पहिल्या दिवसापासून नव्हत्या. म्हणूनच वजन उतरलं नाही, फक्त वाढ मंदावली. सात आठवड्यांत साधारण पाचशे ग्रॅम वाढ अपेक्षित होती, झाली दीडशे. लांबी मात्र ठरल्याप्रमाणे वाढली होती, डोक्याचा घेरही. बाळ हसरं, पालथं पडून पुढे सरकू पाहणारं. घाबरायची वेळ आली नव्हती. तक्त्यावरची रेघ सपाट झाल्याबरोबर डॉक्टरांनी पाठवलं, हे फार चांगलं झालं.

बाळाचं पोट लहान असतं. एका वेळी मावण्याची क्षमता वजनाच्या दर किलोमागे ३० ग्रॅमच्या आसपास मानतात. म्हणजे या बाळासाठी २०० ग्रॅमच्या थोडं वर. त्या जागेत ८० ग्रॅम पाणीदार प्युरी गेली की दुधाची जागा तेवढी कमी झालीच. सहा ते आठ महिन्यांत, दूध नेहमीसारखं चालू असताना, वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी मिळाव्यात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्या २०० नुसत्या पालक-फरसबीतून काढायच्या म्हटल्या तर पाऊण किलो भाजी खाऊ घालावी लागेल. हे मी बोलले तेव्हा आईच हसली आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मोठ्यांच्या ताटात भाजीचं मोल तिच्यात कॅलरी कमी असतात म्हणूनही असतं. त्यामुळे "भरपूर भाजी" हे आपल्या कानांना नेहमीच बरोबर वाटतं. बाळाची गरज उलटी आहे. पहिल्या वर्षात वजन तिप्पट करायचं असतं, आणि तेही एवढ्याशा पोटातून. सहाव्या-सातव्या महिन्यातली हिरवी प्युरी ही चवीची ओळख आहे. तिला वाटीत जागा हवीच, पण सगळी वाटी तिची नव्हे.

लोहाचा प्रश्न

पूर्ण दिवसांच्या बाळाला आईकडून मिळालेला लोहाचा साठा साधारण सहा महिने पुरतो. अंगावरच्या दुधात लोह फार कमी असतं, लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी. म्हणून वरच्या अन्नाने पहिल्यांदा लोहाची जबाबदारी घ्यायची असते. सात ते बारा महिन्यांसाठी अमेरिकेतली शिफारस दिवसाला ११ मिलिग्रॅम आहे. हा आकडा मोठ्या पुरुषासाठीच्या ८ मिलिग्रॅमपेक्षा जास्त आहे, आणि तो छापण्यातली चूक नाही.

आईचं म्हणणं होतं, "पण पालक तर लोहासाठीच देतात ना?" अर्धं खरं. कच्च्या पालकात १०० ग्रॅममागे २.७ मिलिग्रॅम लोह असतं. पण वनस्पतींतलं लोह मुळातच कमी शोषलं जातं, आणि पालकातली ऑक्झॅलेटं व पॉलिफेनॉलं ही नैसर्गिक संयुगं ते आणखी अडवतात. तिच्या बाळाच्या दिवसभराच्या पालक-फरसबीत तीन मिलिग्रॅमहून कमी लोह होतं, आणि त्यातलं रक्तापर्यंत पोचणारं जेमतेम दशांश मिलिग्रॅम. गरज, शोषलेल्या लोहाची, दिवसाला ०.७ मिलिग्रॅमच्या घरात.

फेरिटिन ९ म्हणजे साठा संपत आला होता. पाच वर्षांखालच्या निरोगी मुलांत १२ च्या खाली गेलं की लोहाची कमतरता मानतात. हिमोग्लोबिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांची सीमा ११ वरून १०.५ वर आणली. हे बाळ नव्या सीमेच्याही किंचित खाली होतं. बालरोगतज्ज्ञांनी लोहाचे थेंब सुरू केले होते. मात्रा त्यांनी वजनावरून ठरवली होती, तिला मी हात लावला नाही. कुठल्याही आईने शेजारच्या बाळाची मात्रा पाहून हे थेंब देऊ नयेत. लोह जास्त झालं तर ते विषारी ठरतं. बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायची.

स्वयंपाकघरात काय चाललं होतं

प्युरी कशी करता, हे मी पहिल्या ओळीपासून विचारते. "भाजी उकडून मिक्सरमधून काढते" एवढ्यावर सोडलं तर कळीच्या गोष्टी सुटतात.

दर रविवारी आई मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात पालक आणि फरसबी एकत्र, झाकण लावून वीस मिनिटं उकडायची. जीवनसत्त्वं वाया जाऊ नयेत म्हणून तेच पाणी घालून वाटायची. प्युरी काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये. ती शनिवारपर्यंत पुरायची. वाटीत उरलेले दोन-चार चमचे बरणीत परत जायचे.

शेवटच्या दोन गोष्टींनी मला खरी चिंता वाटली.

पालकात नायट्रेट नैसर्गिकरीत्याच भरपूर असतं. नायट्रेट स्वतः फार त्रास देत नाही, पण शिजवून वाटलेला पालक बाहेर राहिला किंवा जास्त दिवस ठेवला, की जीवाणू त्याचं नायट्राइट करू लागतात. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनचं असं रूपांतर करतं की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. जास्त झालं तर बाळ निळसर पडतं. अगदी लहान बाळांना हा धोका सगळ्यात जास्त. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा घरी केलेल्या पालक, बीट, फरसबी, गाजराच्या प्युरीबद्दलचा इशारा तीन महिन्यांखालच्या बाळांसाठी आहे. सहा महिन्यांनंतर ताजा पालक माफक प्रमाणात द्यायला हरकत नसते. पण युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये शिजवलेल्या पालकाच्या साठवणीवर बोट ठेवलं, आणि जुलाब-पोटाचा संसर्ग चालू असताना लहान मुलांना पालक देऊ नये असंही सुचवलं. या बाळाला सुदैवाने काही झालं नव्हतं. पण दिवसाला तीनदा पालक, तोही सहा दिवसांचा, हे तातडीने थांबवायचं होतं.

दुसरी गोष्ट उष्ट्याची. चमचा बाळाच्या तोंडात जाऊन वाटीत येतो, तेव्हा लाळेतले जीवाणू आणि पाचकरस दोन्ही वाटीत येतात. ते चार चमचे बरणीत गेले की सगळी बरणी उष्टी. टाकताना जीव तुटतो, हे मला समजतं, इतक्या कष्टाने केलेलं असतं. म्हणून वाटीत आधी थोडंच काढायचं, लागलं तर स्वच्छ चमच्याने पुन्हा घ्यायचं.

आणि ते पाणी. इतर भाज्या वाफवल्याचं पाणी प्युरी सैल करायला वापरलं तर चांगलंच. क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्यात उतरतात, ते परत मिळतात. पालक याला अपवाद. पालकाच्या पाण्यात नायट्रेट आणि विरघळणारं ऑक्झॅलेटही उतरतं. ते पाणी ओतून द्यायचं. आई नेमकी जिथे काटकसर करत होती तिथे ती नको होती.

वीस मिनिटांच्या उकडण्याने रंगही जात होता. वहीत एका पानावर "प्युरी खाकी दिसते, भाजी शिळी होती का?" असा प्रश्न होता. भाजी ताजीच होती. हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू असतो. भाजी तापली की तिच्यातलीच आम्लं सुटतात, मॅग्नेशियमची जागा हायड्रोजन घेतो आणि हिरवा रंग मातकट होतो. झाकण बंद असेल तर ही आम्लं वाफेबरोबर बाहेरही जात नाहीत. रंग टिकवायला खाण्याचा सोडा घालायची सवय काहींना असते; बाळाच्या अन्नात तो नको. रंग राहतो, पण क जीवनसत्त्व आणि थायमिन (ब१ जीवनसत्त्व) मरतं, शिवाय सोडियम वाढतं.

नवी वाटी

आम्ही हिरवं कमी केलं आणि त्याला सोबत दिली. पालकाऐवजी मुख्य हिरवी भाजी म्हणून वाटाणा घेतला. शिजलेल्या वाटाण्यात १०० ग्रॅममागे ८४ किलोकॅलरी, पाच ग्रॅमवर प्रथिनं आणि दीड मिलिग्रॅम लोह. पालकासारखं ऑक्झॅलेटचं ओझं नाही. हंगाम नसेल तर गोठवलेला वाटाणा घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. तो तोडल्यावर लवकर गोठवलेला असतो, आणि कित्येकदा चार दिवस पडून राहिलेल्या शेंगेपेक्षा त्यात क जीवनसत्त्व जास्त टिकलेलं असतं.

वाटाण्याची प्युरी फसते ती सालीमुळे. साल कितीही शिजवली तरी मिक्सरमध्ये तिचे पापुद्रे राहतात, ते बाळाच्या टाळूला चिकटतात आणि बाळ ओकारी काढतं. आईने एकदा वाटाणा देऊन पाहिला होता आणि "आवडत नाही" असं लिहून सोडून दिला होता. मी विचारलं, चाळणीतून गाळला होता? नव्हता. म्हणून अशी पद्धत ठरवली : वाटाणा चाळणीत ठेवून पाच-सहा मिनिटं वाफवायचा, दोन बोटांत दाबला की सहज चिरडला पाहिजे. गरम असतानाच वाटायचा. मग बारीक जाळीच्या चाळणीतून चमच्याच्या पाठीने दाबून काढायचा. वर उरलेली साल टाकायची. थंड झाल्यावर वाटाण्यातल्या पिठामुळे प्युरी घट्ट होते, म्हणून सैलपणा कोमट असताना बघायचा.

सैल करायला काढलेलं अंगावरचं दूध वापरलं तर चव ओळखीची होते. त्याची एक गंमत आईला पुढे एकदा दिसली. दूध घातलेली घट्ट प्युरी पंधरा मिनिटांत पातळ झाली, आणि आपण प्रमाण चुकलो असं तिला वाटलं. चुकली नव्हती. आईच्या दुधात पिष्ट पचवणारं अमायलेज नावाचं विकर असतं. वाटाण्याच्या पिठावर ते लगेच काम सुरू करतं. दूध अगदी भरवताना घालायचं, एवढाच त्यावर उपाय.

किती घट्ट? चमचा वाकडा केला तर प्युरी धारेने पडू नये, सावकाश घसरावी. पाण्यासारखी वाहणारी प्युरी गिळायला सोपी, पण तिच्यात अन्न कमी आणि पाणी जास्त.

या हिरव्याच्या बरोबर रोजच्या दोन वाट्यांत लोहाचं आणि ताकदीचं काहीतरी : मऊ शिजवलेली मसूर, पूर्ण शिजवलेलं अंडं, मांस खाणाऱ्या घरात शिजवून बारीक वाटलेलं मांस, किंवा लोह घातलेलं बाळांचं सीरियल. मांसातलं लोह शरीराला सहज घेता येतं, आणि त्याच जेवणातल्या भाजीतलं लोहही त्याच्यामुळे जास्त शोषलं जातं. या घरात अंडं चालत होतं, मांस नव्हतं. मग वाटाणा आणि मसूर एका वाटीत, अंडं आणि ब्रोकोली दुसऱ्या वाटीत. ब्रोकोली मुद्दाम, कारण तिच्यात क जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते डाळी-भाजीतल्या लोहाची वाट मोकळी करतं. प्रत्येक वाटीत अर्धा चहाचा चमचा तेल किंवा तूप. मीठ नाही, साखर नाही. मध वर्षाच्या आत कुठल्याच रूपात नाही, कारण त्यातल्या बॉट्युलिझमच्या (एका गंभीर विषबाधेच्या) बीजाणूंना रोखायची ताकद बाळाच्या आतड्यात अजून नसते.

ब्रोकोली सात-आठ मिनिटांहून जास्त वाफवायची नाही. पुढे गंधकाची संयुगं सुटतात आणि तो उग्र वास येतो, ज्यामुळे मोठी माणसंही ब्रोकोलीला नावं ठेवतात. पालक पूर्ण बंद करायला मी सांगितलं नाही. आठवड्यातून दोनदा, दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात, पाणी टाकून, ताजा वाटून, त्याच दिवशी संपवायचा.

साठवण : दोन दिवसांची प्युरी फ्रीजमध्ये, बाकीची लगेच थंड करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायची. एका खणात साधारण दोन मोठे चमचे मावतात, म्हणजे लागतील तेवढेच तुकडे काढता येतात. ट्रेवर तारीख. वितळलेली प्युरी पुन्हा गोठवायची नाही. अंगावरचं दूध घालून गोठवायचं नाही, ते वितळल्यावर घालायचं. मायक्रोवेव्हमध्ये गरम केली तर ढवळून मनगटावर बघायची. कडेला कोमट आणि मधे चटका देणारी, असं होतं.

आणि सगळ्यात आधीचा बदल : पाजणं पहिलं, वाटी नंतर. मधे अर्धा-पाऊण तास.

माझ्याकडून राहिलेलं

चार दिवसांनी फोन केला तेव्हा कळलं की आईने हिरवं पूर्ण बंद केलं होतं. मसूर आणि अंडं देत होती, वाटाणा नाही, ब्रोकोली नाही. "तुम्ही म्हणालात ना, भाजीने वजन थांबलं." मी असं म्हटलं नव्हतं, पण तिने तेच ऐकलं, आणि त्याचा दोष माझा. तासभर मी भाजीत काय कमी आहे हे आकड्यांनी दाखवत होते. घाबरलेल्या माणसाला आकडे लक्षात राहतात, त्याभोवतीचा "पण" राहत नाही. तेव्हापासून मी शेवटची पाच मिनिटं राखून ठेवते आणि घरी जाऊन उद्या काय करणार, हे समोरच्याकडून वदवून घेते.

फोनवर आम्ही वाटीचं चित्र शब्दांत काढलं : वाटीचे तीन भाग, एक भाग हिरवा, दोन भाग बाकीचं. तेवढं तिला पुरलं.

पुढचे आठवडे

पाजणं आठवडाभरात सातवर आलं. ब्रोकोली बाळाने पहिल्या सहा वेळा बाहेर काढली. सातव्या वेळी दोन चमचे, नंतर पुन्हा एकदा साफ नकार, नवव्या वेळी अर्धा वाटा. वाटाणा, गाळून दिल्यावर, पहिल्याच दिवशी संपला. मसूर सुरू झाल्यावर शी घट्ट झाली आणि लोहाच्या थेंबांनी काळसर. आई रात्री घाबरून गेली होती. थेंबांनी शीचा रंग काळपट हिरवा होणं अपेक्षित असतं. घट्टपणासाठी वाटीनंतर दोन-चार घोट पाणी आणि नासपतीचा गर दिला, तेवढ्याने भागलं.

चार आठवड्यांनी वजन ७.७३ किलो, म्हणजे ३८० ग्रॅमची वाढ. आठ आठवड्यांनी हिमोग्लोबिन ११.३. यात वाटीचं श्रेय किती आणि थेंबांचं किती, याबद्दल मला शंका नाही : रक्तातला फरक मुख्यतः थेंबांचा. वाटीचं काम थेंब थांबल्यावर सुरू होणार होतं. डॉक्टरांनी साठा भरून निघावा म्हणून थेंब पुढे चालूच ठेवले, आणि आईला ते पटवून द्यावं लागलं, कारण आकडा "चांगला आला" म्हणजे औषध संपलं असं तिला वाटत होतं.

साडेनऊ महिन्यांच्या भेटीत मी चाळणीबद्दल विचारलं. ती अजून रोज वापरात होती, आणि त्याच चाळणीवर आमचं शेवटचं मोठं बोलणं झालं. गुळगुळीत प्युरी ही काही आठवड्यांची पायरी आहे. इंग्लंडमध्ये ॲव्हन भागात १९९१-९२ च्या सुमाराला जन्मलेल्या मुलांचा मोठा अभ्यास झाला. त्यात ज्यांना गुठळ्यांचं अन्न दहा महिन्यांनंतर मिळालं, त्यांच्यात पुढे खाण्याच्या तक्रारी जास्त दिसल्या. जिभेने अन्न कडेला नेणं, हिरड्यांनी चिरडणं हे सरावाने येतं, दात यायची वाट बघावी लागत नाही. आईला भीती होती ती ठसक्याची. ओकारी काढणं आणि घास अडकणं यातला फरक तिला दाखवला. ओकारी काढताना बाळ आवाज करतं, खोकतं, चेहरा लाल होतो आणि घास पुढे येतो. घास अडकला तर आवाजच येत नाही. तिथे वेळ न घालवता मदत लागते. अशा वेळी पाठीवर थाप कशी द्यायची याचं प्रशिक्षण दोघांनी घेतलं, बाबांनी आधी.

चाळणी एकदम बंद केली नाही. पहिल्या आठवड्यात अर्धी प्युरी गाळलेली, अर्धी काट्याने कुस्करलेली. दुसऱ्या आठवड्यात सगळी कुस्करलेली. मग वाफवलेल्या ब्रोकोलीचा तुरा देठासकट हातात, बोटात दाबला तर चुरा होईल इतका मऊ.

शेवटच्या भेटीला बाळ साडेदहा महिन्यांचं होतं, वजन ८.५ किलो, मधल्या रेषेच्या जवळ परतलेलं. आईने डबा उघडला. आत वाटाणे होते, एकेक बोटाने दाबून चपटा केलेला, कारण अख्खा गोल वाटाणा घशात अडकू शकतो. बाळ अंगठा आणि तर्जनीने एकेक उचलत होतं. पाच तोंडात, दोन जमिनीवर, एक माझ्या वहीवर. आईने तिची वही आणली नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "आता लिहायला वेळच देत नाही ही."